डोळे मिटले, कान उघडे राहिले: अलिपियसचं प्रकरण

मोहात पडलेल्या माणसाची हकिकत वाचताना आपण पहिल्या दोन ओळींतच त्याला कच्चा ठरवून मोकळे होतो. म्हणून आधीच सांगून ठेवायला हवं, की अलिपियस कच्चा नव्हता. रोममध्ये खजिन्याच्या कचेरीत न्यायाधिकाऱ्याचा सल्लागार असताना एका बड्या सिनेटरनं त्याच्याकडून कायद्याला मंजूर नसलेलं काम करून घ्यायचं ठरवलं. आधी लाच देऊ केली, अलिपियस हसला. मग धमकी आली. तिलाही त्यानं भीक घातली नाही. पैशापुढे आणि वजनदार माणसापुढे ताठ उभा राहणारा हा माणूस त्याच शहरात विद्यार्थी म्हणून आला होता तेव्हा गर्दीच्या एका आरोळीसरशी आडवा झाला होता.

ही माहिती आपल्याला ऑगस्टीनकडून मिळते. ३९७ च्या सुमारास लिहायला घेतलेल्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या सहाव्या भागात त्यानं आपल्या या मित्रावर बरीच पानं खर्च केली आहेत. लिहिलं तेव्हा ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप होता आणि अलिपियस त्यांच्या मूळ गावचा, थागास्तेचा (आज अल्जीरियातलं सूक अहरास). म्हणजे एका हयात बिशपची घसरण दुसऱ्या बिशपनं तारीखवार नाही, पण तपशीलवार लिहून ठेवली आणि लोकांच्या हाती दिली. आपल्याकडे पाळकाच्या तरुणपणाबद्दल असं कोणी लिहिलं तर काय होईल, याची कल्पना करून बघा.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ही घटना घडली तेव्हा अलिपियसचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथीयांच्या संयमाच्या देखाव्याची त्याच्यावर छाप होती आणि तो त्या बाजूला झुकलेला होता. त्यामुळे 'विश्वासू ख्रिस्ती घसरला' असं या प्रकरणाचं शीर्षक देता येणार नाही. पण मोह माणसाला कसा उचलतो, याची इतकी जवळून केलेली नोंद मिळणं कठीण, आणि तिचा अर्थ लावणारा माणूस पक्का ख्रिस्ती आहे.

आधीचा इतिहास

अलिपियस ऑगस्टीनपेक्षा वयानं लहान, आईवडील गावातल्या प्रतिष्ठितांपैकी. शिकायला कार्थेजला गेला आणि रथांच्या शर्यतींच्या नादी लागला. ऑगस्टीन तिथे वक्तृत्व शिकवत होता, पण त्याचं आणि अलिपियसच्या वडिलांचं काहीतरी बिनसलं होतं, म्हणून पोरगा त्याच्या वर्गात रीतसर नव्हता. येता-जाता डोकवायचा, थोडं ऐकायचा, निघून जायचा. एकदा पाठ समजावून सांगताना ऑगस्टीनला शर्यतींचा दाखला सुचला आणि त्या वेडानं झपाटलेल्यांना त्यानं एक बोचरा टोमणा मारला. अलिपियस समोर बसलाय आणि त्याला सुधारावं, असं काही त्याच्या मनात नव्हतं. दुसरा कोणी गुरुजींवर चिडला असता. हा स्वतःवर चिडला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात तसं झालं. 'ज्ञान्याला बोल लाव म्हणजे तो तुझ्यावर प्रेम करील' या अर्थाचं नीतिसूत्रे ९:८ ऑगस्टीन इथेच आठवतो. शर्यती सुटल्या त्या कायमच्या सुटल्या.

पुढच्या घसरणीची पहिली पायरी मला इथेच दिसते. ऑगस्टीन तसं म्हणत नाही, पण एक व्यसन एका झटक्यात सुटलेल्या माणसाला आपल्या मनगटाबद्दल गैरसमज होऊ शकतो. शर्यती सुटल्या त्या बाहेरून आलेल्या शब्दामुळे. रोमला जाताना त्या शब्दाची आठवण मागे पडून 'आपण सोडू शकतो' एवढंच बरोबर गेलं असेल, तर नवल नाही.

ती दुपार

अलिपियस कायदा शिकायला ऑगस्टीनच्या आधी रोमला गेला. ऑगस्टीन ३८३ मध्ये पोचला तेव्हा हा तिथेच होता, म्हणजे प्रकरण त्याच्या अलीकडचं-पलीकडचं. ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे लोकांसमोर शस्त्रांनी लढणाऱ्यांच्या, झुंजींचा अलिपियसला तिटकारा होता. एके दिवशी जेवण करून परतणारे काही मित्र आणि सहाध्यायी त्याला रस्त्यात भेटले. दिवस झुंजींचाच होता. 'चल' म्हणाले. हा नाही म्हणाला. त्यांनी हात धरून ओढलं. ऑगस्टीन याला मित्रत्वाची जबरदस्ती म्हणतो; हसतखेळत चाललेली, पण हात न सोडणारी.

मग अलिपियस जे बोलला ते सबंध प्रकरणाचं मर्म आहे. त्याच्या बोलण्याचा आशय असा: माझं शरीर तुम्ही तिथे नेऊन बसवाल, पण माझं मन आणि डोळे त्या खेळाकडे वळवू शकाल का? मी हजर असून गैरहजर राहीन, आणि तुम्हालाही हरवीन आणि त्या खेळालाही.

हे ऐकूनही मित्रांनी त्याला नेलंच. कदाचित, ऑगस्टीन म्हणतो, त्याला हे खरंच जमतं का ते बघायलाच. मिळेल तिथे जागा धरून बसले. सगळं अँफिथिएटर उकळत होतं. अलिपियसनं डोळे मिटून घेतले. कान मात्र उघडे राहिले. झुंजीत कोणीतरी कोसळला, हजारो गळ्यांतून एकदम आरोळी उठली, आणि काय झालं ते कळावं म्हणून त्यानं डोळे उघडले. मनात तेव्हाही हेच, की जे दिसेल ते तुच्छ लेखीन, बघूनही जिंकेन. रक्त दिसलं आणि नजर तिथून हलेना. ऑगस्टीनचा निवाडा कडक आहे: ज्याच्या पडण्यानं आरोळी उठली त्याच्यापेक्षा हा वाईट पडला, धीट होता, बळकट नव्हता. बघितलं, ओरडला, पेटला. घरी गेला तो वेड बरोबर घेऊनच. पुढच्या खेपेला ज्यांनी ओढून नेलं होतं त्यांच्याही पुढे हा, आणि आता इतरांना ओढणारा. यातून तो सुटला, पण 'बऱ्याच काळानंतर', एवढंच ऑगस्टीन सांगतो.

थोडं पंचांग बघू. ३५४ सालची रोमची एक दिनदर्शिका आज अभ्यासकांपुढे आहे. तिच्यात वर्षाला १७७ दिवस सार्वजनिक खेळांचे आहेत: नाटकांचे १०१, रथांचे ६६, ग्लॅडिएटरांचे फक्त १०. हे दहाही दिवस डिसेंबरातले आणि शेवटचा २४ डिसेंबर. त्याच संग्रहात ख्रिस्ती हुतात्म्यांची यादी आहे, आणि तिच्यात २५ डिसेंबरला बेथलेहेमात ख्रिस्ताचा जन्म नोंदलेला आहे. ख्रिस्ती सम्राटांच्या राज्यात झुंजींचा समारोप आणि नाताळ असे पाठोपाठ येत. कॉन्स्टंटाइननं ३२५ मध्ये झुंजींविरुद्ध हुकूम काढला होता, तरी रोममध्ये त्या चालू होत्या. अलिपियसच्या वेळी हेच वेळापत्रक जसंच्या तसं असेल तर त्याला वर्षातून दहा दुपारी त्या रस्त्याला न जाणं एवढंच करायचं होतं. शर्यतींचा नाद सोडणारा माणूस दहा दिवसांच्या खेळात अडकला.

नेमकं चुकलं कुठे

प्रवचनांत हे प्रकरण आलं तर बहुधा 'त्यानं डोळे उघडले' या वाक्यावर जोर दिला जातो. माझ्या मते तोवर फार उशीर झालेला होता. ऑगस्टीननंच दुसरीकडे, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचं विवरण करताना, पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: सुचणं, गोडी वाटणं, संमती. याकोबाच्या पत्रातही (१:१४-१५) माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो, वासना गर्भार राहते आणि पापाला जन्म देते, असा क्रम आहे. अलिपियसच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट दिसते. संमती त्यानं वाटेतच देऊन टाकली होती, पण वेगळ्या नावानं. 'येतो, पण बघणार नाही.' पाय निघाले होते.

त्याच्या त्या वाक्यानं आणखी एक नुकसान केलं, आणि ते सहसा लक्षात येत नाही. नकाराची त्यानं पैज करून टाकली. 'मला नाही यायचं' म्हणणारा माणूस मध्येच उठून जाऊ शकतो. त्याचं काही जात नाही. 'मी तुम्हाला हरवीन' म्हणणारा मध्येच उठला तर तो हरला. बाहेर पडायची वाट त्यानं आपल्याच बढाईनं बंद केली. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:१३) देव मोहाबरोबर निभावण्याचा उपायही करतो असं वचन आहे, आणि त्याच्या लगेच आधीच्या ओवीत आपण उभे आहोत असं वाटणाऱ्यानं पडू नये म्हणून जपावं, असा इशारा. दोन्ही ओव्या एकत्र वाचायच्या असतात. इशारा सोडून नुसत्या वचनाचा आधार घेतला की अलिपियससारखं बाकावर जाऊन बसायला होतं.

महाराष्ट्रात हे समजायला फार लांब जावं लागत नाही. 'बसायला' या शब्दाचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगत नाही. 'मी बसतो, पण घेत नाही. कोल्ड्रिंक आणि चकणा' हे वाक्य आणि अलिपियसचं वाक्य सख्खे भाऊ आहेत. टेबलावरचे चौघेही मग पुढचे दोन तास एकच गोष्ट बघत बसतात: याला जमतं का.

आता कान. डोळे मिटण्याचा उपाय खोटा नव्हता, अपुरा होता. धोका डोळ्यांतून येणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून पहारा तिथे बसवला. आरोळीनं त्याला रक्त दाखवलं नाही. तिनं फक्त 'काहीतरी घडलं' एवढं कळवलं. बाकीचं काम कुतूहलानं केलं. पुढे दहाव्या भागात ऑगस्टीन योहानाच्या पहिल्या पत्रातल्या (२:१६) 'डोळ्यांची वासना' या शब्दांचा अर्थ सुंदर वस्तू बघण्याची हौस असा घेत नाही. बघून, अनुभवून माहीत करून घेण्याची खाज असा घेतो. तिथला त्याचा दाखला छिन्नविच्छिन्न प्रेताचा आहे: बघून सुख काहीच नाही, तरी लोक धावतात आणि पांढरेफटक पडून येतात. अपघाताचा व्हिडिओ ग्रुपवर आला की 'नको' म्हणत आपण तो उघडतो, ते हेच. म्हणून अलिपियसच्या पडण्याला कामवासना किंवा हाव ही नावं लावली की निदान चुकतं आणि औषधही चुकतं.

त्याच माणसाचे इतर तीन प्रसंग

लाच त्याला का हलवू शकली नाही? स्वभावानं पैसा हा त्याचा गळ नव्हता हे एक. निष्पापपणापेक्षा सोनं मोठं मानणाऱ्यांचंच त्याला नवल वाटे. दुसरं जास्त कामाचं आहे. तो ज्या न्यायाधिकाऱ्याचा सल्लागार होता त्यालाही सिनेटरचं काम करायचं नव्हतं, पण उघड नकार देण्याची हिंमत नव्हती. तो सगळं अलिपियसवर ढकलत होता: हा करू देत नाही. आणि ते खरंही होतं, कारण न्यायाधिकाऱ्यानं ते केलं असतं तर अलिपियस नोकरी सोडून गेला असता. म्हणजे इथे बाहेरचं दार उघडं होतं आणि ते कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. अँफिथिएटरात तसं दार त्यानं ठेवलंच नव्हतं.

त्याच नोकरीत एका गोष्टीनं मात्र त्याला जवळजवळ पाडलं. पुस्तकं. सरकारी अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीच्या दरात स्वतःसाठी ग्रंथांच्या नकला करून घेण्याचा मोह. तेव्हा पुस्तक म्हणजे हातानं, ओळीवर मोजून केलेलं काम. ३०१ साली डायोक्लेशननं ठरवलेल्या कमाल दरांत उत्तम अक्षरासाठी १०० ओळींना २५ दिनार धरले होते, दुय्यम अक्षराला २०. ग्रंथ मोठा असेल तर सवलतीची रक्कम लहान उरत नाही. वर विद्येची हौस म्हणजे वाईट तरी कसं म्हणणार? ऑफिसच्या मशीनवर मुलाच्या गाइडची झेरॉक्स काढणाऱ्याला हे लगेच समजेल. अलिपियस इथे थांबला आणि न्यायाची बाजू काय सांगते याचा विचार केला. मला करता येतं, यापेक्षा मी करावं का हे मोठं ठरलं, आणि त्यानं मन फिरवलं. थोडक्याविषयी विश्वासू असणारा पुष्कळाविषयीही विश्वासू असतो, हे लूकमधलं वचन (१६:१०) ऑगस्टीन इथे देतो, लाचेच्या मोठ्या प्रसंगावर नाही. मला ती जागा फार नेमकी वाटते.

तिसरा प्रसंग थोडक्यात. मिलानमध्ये अलिपियस ऑगस्टीनला लग्न करू नको म्हणत होता. ऑगस्टीन स्त्रीसंगाशिवाय जगणं आपल्याला अशक्य आहे असं इतक्या पोटतिडकीनं सांगे, की अलिपियसलाच लग्न करावंसं वाटू लागलं. वासनेपोटी नाही, हे असं आहे तरी काय ते बघावं म्हणून. पुन्हा तेच कुतूहलाचं दार.

मंडळीत हे प्रकरण वापरायचं तर

तरुण संघात किंवा वैयक्तिक सल्ल्याच्या वेळी हे वापरताना घटनेच्या सहा जागा फळ्यावर लिहाव्यात: रस्ता, दरवाजा, बाक, आरोळी, पहिली नजर, दुसरी खेप. प्रत्येक जागी बाहेर पडायला काय किंमत पडली असती ते मुलांनाच सांगू द्यावं. रस्त्यावर किंमत: मित्रांची दोन मिनिटांची थट्टा. बाकावर: पैज हरल्याची नामुष्की. पहिल्या नजरेनंतर किंमत सांगताच येत नाही, कारण ती द्यायची इच्छाच उरलेली नसते. हा हिशेब एकदा डोळ्यांपुढे आला की 'पळ काढा' ही पौलाची भाषा (करिंथकरांस पहिले पत्र ६:१८, तीमथ्याला दुसरे २:२२) भित्रेपणाची वाटत नाही. योसेफानंही पोटीफराच्या घरी शेवटच्या क्षणी वाद घातला नाही. वस्त्र पोटीफराच्या बायकोच्या हातात सोडून तो बाहेर पळाला.

नकाराचं वाक्य लहान असावं आणि त्यात स्वतःची स्तुती नसावी. 'नाही, मी येत नाही' पुरे. कारण दिलं की मित्र कारणावर चर्चा करतात. बढाई मारली की पैज लागते. ज्या दिवसांत, ज्या वाटेवर हटकून आमंत्रण येतं ते दिवस आधी ओळखून त्या वेळी दुसरं काम आणि दुसरं माणूस ठरवून ठेवावं. आयपीएल हे दोन महिने आणि संध्याकाळची ठरावीक वेळ आहे. सट्ट्याच्या नादातून बाहेर पडणाऱ्याला 'वर्षभर सावध राहा' असं मोघम सांगण्यापेक्षा त्या संध्याकाळी कोणाच्या घरी जेवायचं हे ठरवणं सोपं जातं. फोनच्या बाबतीत लोक ॲप काढतात आणि नोटिफिकेशनचा आवाज तसाच ठेवतात. आरोळी तिथून येते.

मेळाव्यात 'पुन्हा कधीही नाही म्हणणाऱ्यांनी उभं राहावं' असं आवाहन करण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. उभं राहणाऱ्या मुलाच्या हाती आपण अलिपियसचं वाक्य देतो. सगळ्यांदेखत केलेला निर्धार मोडला की तो कोणाला सांगता येत नाही, आणि या प्रकरणातला सर्वांत लांब, सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग तोच आहे: पडल्यानंतरचा काळ. कार्थेजमध्ये नकळत का होईना, एक शब्द त्याच्यापर्यंत पोचला होता. रोममध्ये त्याच्या भोवती होते ते ओढून नेणारे मित्र, आणि मग त्यानं स्वतः ओढून आणलेले. पडलेल्यानं दिवस उलटायच्या आत एका माणसाला सांगावं: कुठे, किती वाजता, कोणाबरोबर, आणि निघताना मनात कोणतं वाक्य होतं. शेवटचं विचारायला विसरू नये. ऐकणाऱ्यानं लगेच वचनं सांगू नयेत.

पुढचं आयुष्य सरळ होतं असंही नाही. थागास्तेचा बिशप म्हणून अलिपियस आफ्रिकेच्या मंडळीच्या कामासाठी इटलीच्या दरबारी जाऊन आला, तेव्हा ऑगस्टीनचा वैचारिक विरोधक असलेल्या पेलाजियसच्या बाजूच्या ज्युलियननं त्याच्यावर आरोप केला, की दरबार वश करायला यानं ऐंशी घोडे नेले. ऑगस्टीननं तो साफ फेटाळला. लाच नाकारणाऱ्यावर लाच दिल्याचा आळ आला, तोही घोड्यांचा.

३८६ च्या उन्हाळ्यात मिलानमधल्या एका बागेत ऑगस्टीननं रोमकरांस पत्र उघडून १३:१३-१४ वाचलं, त्यात देहवासनेसाठी 'तरतूद करू नका' असं आहे, आणि त्या जागेवर खूण ठेवून पोथी मिटली. अलिपियस शेजारीच होता. काय वाचलंस दाखव, म्हणाला. ऑगस्टीननं दाखवलं. अलिपियस मात्र तिथे थांबला नाही, पुढची ओवी वाचली. ऑगस्टीनला ती ठाऊक नव्हती: विश्वासानं जो दुर्बळ आहे त्याला जवळ करा. 'दुर्बळ' हा शब्द त्यानं स्वतःला लावून घेतला आणि तसं मित्राला सांगितलं. मग दोघं उठून आत गेले, ऑगस्टीनच्या आईला, मोनिकाला सांगायला.